तक्त्याची कोरी बाजू

दवाखान्याच्या धुलाईखान्यात दिवसभर चादरींच्या घड्या घालून आईच्या खांद्यांचा पार भुगा व्हायचा. तरी आठवडाभर रोज संध्याकाळी ती फोन घेऊन बसली आणि तिने अख्खं माहेर छळलं. तीन बहिणी, दोन मावश्या: पाळी वेळेवर यायची का, मुलं किती, हनुवटीवर केस? धाकट्या मावशीने तर "तुला लाज कशी वाटत नाही?" म्हणून फोनच ठेवला. मुलीला पीसीओएस हा अंडाशयाचा विकार निघाला होता आणि दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी घराण्याचा तक्ता भरून मागितला होता.

आईने तो इमानेइतबारे भरला, पण फक्त माहेरचा. बायकांचं दुखणं बायकांकडूनच येणार, त्यात विचारायचं काय? शिवाय मुलीची पाळी पहिल्यांदा चार महिने गायब झाली, तेव्हापासून नणंदबाई हेच ऐकवत होत्या: "आमच्याकडे असलं काही नाही हो." नऊ वर्षं आईने ते मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

समुपदेशक बाईंनी तक्ता पाहिला. "तुमच्याकडे सगळं व्यवस्थित दिसतंय. वडिलांची बाजू कोरी का?"

"त्यांच्याकडून कसं येईल? ते पुरुष."

"जनुकं दोघांकडून येतात. तीही एक-दोन नाही, पुष्कळ. प्रत्येकाचा थोडा थोडा हात. पुरुषांत हे कधीकधी लवकर टक्कल पडण्यात दिसतं. त्यांना टक्कल लवकर पडलं का?"

"लग्नाच्या फोटोतच आहे."

"बहीण?"

होती की. आईला इतका संताप आला की तिने तडक नणंदबाईंच्या घराकडची बस पकडली. बसमध्ये तिने एकाहून एक झोंबणारी वाक्यं जुळवली.

नणंदबाई एकट्याच राहायच्या. भरदुपारी कोणी येईल असं त्यांना वाटलं नसावं. दार उघडलं तेव्हा हनुवटी अर्धी लाल होती आणि हातात चिमटा होता. तो त्यांनी चटकन पाठीमागे नेला.

आईने टेबलावर तक्ता पसरला आणि दवाखान्यातलं सगळं सांगितलं. नणंदबाईंनी कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवलं.

"मला सहा-सहा महिने यायची नाही," त्या म्हणाल्या. "सासरी 'आली' म्हणून खोटंच सांगायचे. पोरीचं ऐकलं, तेव्हाच कळलं होतं मला."

म्हणजे पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आईने तोंड उघडलं. पण बसमधलं एकही वाक्य ओठांवर येईना. भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि तो कधीच संपला होता.

"वहिनी, पोरीला सांगू नकोस गं."

"मी नाहीच सांगणार, वन्सं. तुम्ही सांगा. ती रोज सकाळी दाराला कडी लावून आरशासमोर अशीच चिमटा घेऊन उभी असते. तिला वाटतं, सगळ्या घराण्यात आपण एकटीच अशी."

नणंदबाईंनी चिमटा टेबलावर ठेवला. मग डोळे पुसून त्या उठल्या.

"थांब," त्या म्हणाल्या, "चपला घालते."