आकडा उतरेना

मित्रांनो, मी एक जुनी पिठाची चाळण आहे. पत्र्याची गोल कड आणि त्यात दाबून बसवलेली तारेची जाळी, एवढाच माझा जीव. या घरात दहा वर्षं मी गव्हाचं पीठ चाळलं. "हिच्यासारखी बारीक चाळण शोधून सापडणार नाही," असं घरातली आई येईल त्याला सांगे.

मग तिची आठ वर्षांची मुलगी, ठकी, सारखी आजारी पडू लागली. पोट फुगायचं, वजन वाढेना. रक्त तपासल्यावर कळलं की तिला सिलियाक आहे. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर तिच्याच आतड्यावर उलटायचं. त्याची खूण, म्हणजे अँटीबॉडी, रक्तात मोजता येते. ठकीच्या ताटातून गहू गेला. दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं आणि आकडा उतरतो का ते पाहायचं, असं ठरलं. मी तांदळाचं पीठ चाळू लागले.

आधी आकडा दीडशेवरून सत्तरवर आला. पुढच्या खेपेला सत्तरच. त्यापुढे बहात्तर.

आईच्या मनात पाल चुकचुकली. ती ठकीचं दप्तर हुंगू लागली, खिसे उलटे करू लागली. शिंपीकाम करणाऱ्या आजोबांच्या मशीनच्या खणात त्यांची बिस्किटं असत. तीही तिने मोजून ठेवली.

"बाबा, लाडाने तुम्हीच देता ना तिला?"

"मी कशाला तिच्या जिवावर उठू?" आजोबा म्हणाले आणि मशीन चालवत राहिले. खरं सांगते, मलाही त्यांचाच संशय होता.

ठकीलाही रोज जेवताना तोच प्रश्न, बाहेर काही खाल्लंस का, आणि तिचं रोज "नाही." शेवटी एकदा ठकी म्हणाली, "हो. शाळेत केक खाल्ला." आईला रडू आलं, पण चोर सापडला म्हणून जीवही भांड्यात पडला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मात्र ठकीला जवळ बसवलं. घरी आल्यावर आईने ते सगळं आजोबांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं.

"केक कोणी दिला?" बाईंनी विचारलं होतं. "कसा लागला?"

"खाल्लाच नाही," ठकी म्हणाली. "हो म्हटलं की आई विचारायची थांबते."

बाई आईला म्हणाल्या, "आता मुलीला सोडा आणि स्वयंपाकघर तपासा. जुनं, जाळीचं, भेगांचं जे असेल ते."

आईने एकेक वस्तू टेबलावर मांडली. माझी पाळी आली, तेव्हा आजोबांनी काळं कापड अंथरलं आणि माझ्या दुमडलेल्या कडेतून सुई फिरवली. भुरभुर पीठ पडलं. जुनं, पिवळट, गव्हाचं. तेच रोज ठकीच्या तांदळाच्या पिठात झडत होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," आजोबा पुटपुटले.

मला तोंड लपवायला जागा नव्हती. आई ठकीसमोर जमिनीवर बसली. "तू खरं सांगत होतीस. माझं चुकलं."

ठकीने दप्तर जवळ ओढलं. मग म्हणाली, "आता दप्तर हुंगणार नाहीस ना?"

नवी चाळण आली. सहा महिन्यांनी आकडा वीसवर उतरला. मी आता अंगणात कुंड्यांसाठी माती चाळते. अजूनही ठकी शाळेतून आली की आईचा हात दप्तराकडे जातो. ती तो मागे घेते, पण ठकीला ते दिसतं.

मित्रांनो, माझी कड कोणी वेळेवर खरवडली असती, तर त्या पोरीला खोटा गुन्हा कबूल करावा लागला नसता. आपल्या माणसाचे खिसे तपासण्याआधी आमच्यासारख्या मुक्या वस्तूंवर संशय घ्या. आम्हाला त्याचं वाईट वाटत नाही.