हात्सुएने पाण्यात ठेवलेला हातोडा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. डिसेंबर संपत आला आहे. पेरू देशात तेव्हा ऐन उन्हाळा असतो. अंगणात दगडी उखळ, त्यात वाफाळता चिकट भात आणि त्यावर पडणारे धप्प धप्प घाव. तो आवाज माझा. मी एक जुना लाकडी हातोडा आहे. माझ्या डोक्याला एक उभी चीर आहे. ती कशी पडली, ते सांगतो.

मला इसामु ताकेशिता यांनी घडवले. ते तरुणपणी जपानहून पेरूतल्या चान्कायच्या खोऱ्यात आले, कापसाच्या मळ्यात राबले आणि पुढे न्हावी झाले. उआरांगो या काटेरी झाडाचे लाकूड फार चिवट. मला तासताना त्यांच्या तळहातांना फोड आले होते.

माझे काम वर्षातून एकदाच. नव्या वर्षासाठी भात कुटायचा आणि त्याचे मऊ गोळे वळायचे. इसामु मला उचलत. दोन घावांच्या मधल्या क्षणात त्यांची मुलगी हात्सुए ओला हात उखळात घालून भात उलटत असे. हात बाहेर काढला की ती "हं!" म्हणे, आणि मग मी खाली येई. तिच्या बोटांना मी एकदाही लागलो नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

शेजारच्या दोन्या एउलालिया (दोन्या म्हणजे तिकडच्या भाषेत बाई) कुंपणावरून ओरडत, "काय हो इसामु, मिठाई करताय की माझी भिंत पाडताय?"

"पडू दे की! गोळे न्यायला तुम्हालाच जवळ पडेल."

मग दुसरे महायुद्ध आले; जपान आणि अमेरिका एकमेकांचे शत्रू झाले. पेरूचे सरकार जपानी माणसांना पकडून कायाओ बंदरातून अमेरिकेच्या छावण्यांत धाडू लागले. इसामु जपानी शाळेच्या समितीत होते. पकडायच्या माणसांच्या यादीत नाव यायला तेवढे पुरले. ते दोन्या एउलालियांच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे लपू लागले. हात्सुएची आई फुमिए पोलिसांना सांगत असे, "ते घरी नाहीत. कुठे गेले, ठाऊक नाही."

वर्ष संपत आले. पकडलेल्यांना नेणारे जहाज बंदरातून निघून गेल्याची खबर आली. पोलीसही बरेच दिवस फिरकले नव्हते.

"बाबा, गोळ्यांशिवाय नवं वर्ष कसं येणार?" नऊ वर्षांची हात्सुए म्हणाली. "हळूच कुटा ना. उखळाखाली गोधडी घालू."

"यंदा राहू दे गं," फुमिए म्हणाली.

इसामुंनी लेकीच्या तोंडाकडे पाहिले आणि मला पाण्यात भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी गोधडी घातली, घावही हलके घातले. पण माझे वजन लपेना. थोड्याच वेळात दोन पोलीस दारात उभे राहिले.

"बाई, घरात पुरुष नाही म्हणता. मग एवढे जड घाव कोण घालतंय? ही पोरगी?"

इसामुंना त्यांनी भाताने माखलेल्या हातांनीच नेले. हात्सुएचा हात अजून उखळातच होता.

सहा महिन्यांनी फुमिएने नवऱ्याजवळ जायचे ठरवले. तिने मला पेटीत ठेवले, तर हात्सुएने बाहेर काढले.

"हा नको, आई. यानंच बाबांना पकडून दिलं."

ती नाव माझे घेत होती, पण दोष स्वतःला देत होती. मला ते कळत होते; बोलता मात्र येत नव्हते. आईने मला पुन्हा पेटीत ठेवले.

जहाजावर अधिकाऱ्यांनी त्यांची पारपत्रे काढून घेतली. उतरल्यावर त्यांनाच विचारले, "कागद कुठे आहेत?" टेक्सासमधल्या ज्या छावणीत इसामु भेटले, तिच्याभोवती उंच कुंपण होते, टेहळणीचे मनोरे होते आणि रोज माणसे मोजली जात. हात्सुएने मला झोपडीखाली ढकलून दिले. त्या कोरड्या उन्हात मी वाळत गेलो आणि एके दिवशी तडकलो.

डिसेंबरात माणसांनी मेस्कीटचा बुंधा पोखरून उखळ केले. ते झाड माझ्याच जातीचे. इसामुंनी विचारले, "हात्सुए, आपला हातोडा कुठाय?"

तिने मला आणून दिले. इसामुंनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"बाबा, मीच हट्ट केला," ती रडू लागली. "मी गप्प बसले असते, तर..."

"वेडाबाई! नऊ वर्षांच्या पोरीनं गोळे नाही मागायचे, तर काय मागायचं? घाव मी घातले. आणि न्यायला आले ते दुसरेच. त्यात तुझं काय?" मग ते हळूच म्हणाले, "लाकूड भिजलं की फुगतं. चीर मिटेल. पण भात उलटायला तुझा हात नसेल, तर मी कुटणार नाही."

मित्रांनो, युद्ध संपल्यावरही चान्कायच्या त्या अंगणात आम्हाला परत जाऊ दिले नाही. माझ्या आवाजाची खंत मला आजही आहे. तुमच्या घरात माझ्यासारखे जुने लाकूड असेल, तर त्याला कोरडे पडू देऊ नका. आणि एखादे मूल मोठ्यांच्या अपराधाचे ओझे मुकाट्याने वाहत असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला बोलते करा.

त्या दिवशी छावणीत बाबांचे ऐकून हात्सुएने डोळे पुसले. नळावरून बादली भरून आणली, मला त्यात उलटे ठेवले आणि अंधार पडेपर्यंत जवळ बसून राहिली. सकाळी तिने केस बांधले, हात ओला केला आणि उखळात घातला. भात उलटला. मी वर थांबलो होतो.

"हं!" ती म्हणाली.