पंख्यांची तोंडं

हेमराजने पेचकस बाहेर काढला, तोच शोभाताईंनी जमिनीवरच्या सीपीयूवर हात ठेवला.

"उघडू नको गा."

"काकू, उघडल्याबिगर दुरुस्त कसा करू?"

"बाहेरूनच कर."

हेमराजचं पवनीच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांच्या सीपीयूतून त्याने पाली काढल्या होत्या, उंदरांची घरटी काढली होती, एकदा तर कुणाच्या सुनेचं हरवलेलं कानातलं निघालं होतं आणि त्यावरून त्या घरात नवीनच भांडण लागलं होतं. पण बाहेरूनच दुरुस्त कर, असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्याने शोभाताईंच्या सुनेकडे पाहिलं.

"अर्ध्या घंट्यात तापते अन् बंद पडते," मंजुषा म्हणाली. "उद्या पत्रिका नाई देल्या तर प्रेसवाला काम दुसऱ्याले देईन. आई, उघडू द्या ना."

शोभाताईंचा मुलगा भूपेंद्र घरीच बसून प्रेससाठी लग्नपत्रिका तयार करायचा. होळीच्या सुमारास याच टेबलाशी बसल्या बसल्या त्याचा जीव गेला. मॉनिटरवर कुणाची तरी पत्रिका तशीच उघडी होती. आता तेच काम मंजुषा करायची. कपाळ मोकळं ठेवून ती दिवसभर दुसऱ्यांच्या अक्षता आणि मुहूर्त टाइप करत बसे. लग्नसराई ऐन भरात होती आणि घरात दुसरी मिळकत नव्हती.

"तुले ठाऊक नाई," शोभाताई हेमराजला म्हणाल्या. "जीव गेला ना, तिथंच दहाव्याच्या आदल्या राती दिवा ठेवला. खाली पीठ पसरलं, वरून टोपली झाकली. गेलेला मानूस कोनता जन्म घेते ते पिठात उमटते म्हनतात. सकाळी टोपली उचलली तं पाखराची बोटं दिसली. या डब्याकडं गेलेली. परत आलेली एकबी नाई."

"म्हणून?"

"म्हनून तो आत हाय."

हेमराज असल्या गोष्टी मानत नव्हता. फक्त ऐकल्या की त्याला दुकानात काहीतरी विसरल्याची आठवण व्हायची. त्या दिवशीही झाली. पण मंजुषाचा चेहरा पाहून तो उठला नाही. "काकू, हळूच उघडतो," तो म्हणाला. शोभाताईंनी बऱ्याच वेळाने हात काढला.

बाजूचा पत्रा निघाला आणि दुखणं लगेच दिसलं. भूपेंद्रने हौसेने तीन पंखे बसवले होते, पुढे दोन, मागे एक, आणि तिन्हींची तोंडं बाहेर. गरमी बाहेर फेकायची म्हणून सगळेच पंखे फेकायला लावायचे, ही हौशी माणसाची नेहमीची चूक. आत वारा यायचा कुठून, हे त्याच्या डोक्यात येत नाही. मग मिळेल त्या फटीतून हवा ओढली जाते आणि येताना वाटेतला सगळा कचरा घेऊन येते.

इथे मात्र कचरा नव्हता. आत पांढरं, मऊ पीठ होतं. तळाच्या फटींपासून वर गेलेलं, आणि पंख्यांच्या पात्यांच्या कडांना रेघेसारखं चिकटलेलं. पंखा फिरत असतो तेव्हाच कडेला असं चिकटतं.

हेमराजला हायसं वाटलं. टोपलीच्या विणीतून पंख्यांनी पीठ ओढलं असणार, त्याचेच ओघळ बोटांसारखे उमटले असणार. झालं एवढंच. पाणी आणायला मंजुषा आत गेली, तसा तो मागोमाग गेला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, त्या राती हे चालूच राहिलं होतं काय?"

"कसं राहीन? डीपी जळाली होती. दोन दिवस साऱ्या गल्लीत लाइट नव्हती."

"अन् ते पीठ?"

"सकाळीच वैनगंगेत सोडलं. फरशी मीच धुतली. काहून?"

"काही नाई," म्हणून हेमराज घोटभर पाणी प्यायला आणि परत येऊन बसला.

त्याने ब्रशने पीठ एका कागदावर काढलं. शोभाताईंनी काही न विचारता कागद उचलला आणि देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. त्याने पुढचे दोन पंखे काढून उलटे केले.

"अन् मागचा?" शोभाताईंनी विचारलं.

"तो आतली हवा बाहेर फेकीन, काकू."

"मंग तो नको. तो फेकून देईन त्याले."

"आई, ते गेले," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, फक्त कापला. "तुमी दिवसभर या डब्याशी बोलता. मी पन याच घरात हावो. मले कोनी इचारलं काय?"

हेमराजला तिथून पळून जावंसं वाटलं. त्याऐवजी त्याने मागच्या पंख्याच्या वायरीत वेग कमी करणारा एक तुकडा जोडला.

"असं करतो काकू. पुढचे दोन जोरानं आत ओढतीन. मागचा एकदम हळू. आत जास्त येईन, बाहेर कमी जाईन. कोनी कोनाले ढकलनार नाई. बाकीची हवा फटीफटीतून जाईन, आपल्या मनानं."

"आपल्या मनानं?"

"हो."

"मंग जाऊ दे," शोभाताई म्हणाल्या.

वाऱ्याचा रोख पाहायला हेमराज नेहमी अगरबत्ती वापरायचा. त्याने पत्रा नुसताच बसवला, ती पेटवून सीपीयूच्या पुढ्यात टेबलाच्या पायातल्या फटीत खोचली, तेवढ्यात शोभाताईंनी हात जोडले. हे फक्त तपासणं आहे, असं सांगायचं त्याने टाळलं. धूर पुढून आत गेला आणि मागून, पत्र्याच्या सांध्यांतून सावकाश बाहेर आला. मंजुषा कामाला बसली. अर्धा घंटा झाला, तासही होत आला. दुसरी अगरबत्तीही अर्धी जळाली, तरी कॉम्प्युटर बंद पडला नाही. तिने पत्रिका पूर्ण करून जतन केली आणि मान मागे टेकली.

तेवढ्यात लाइट गेली. भारनियमनाची वेळच होती ती. मॉनिटर काळा झाला, पंखे मंदावत मंदावत थांबले.

पत्र्याचे स्क्रू लावायला हेमराज पुढे झाला आणि तसाच थांबला. घरात कुठलाच पंखा फिरत नव्हता, खिडक्या उन्हासाठी बंद होत्या. तरी धूर सरळ वर जात नव्हता. तो पुढून आतच चालला होता.

शोभाताईंनी सीपीयूच्या मागे तळहात धरला.

"येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "ऊन हाय हवा."

मशीन तापलेली असते, थोडा वेळ गरम वाटतंच, असं काहीतरी हेमराजच्या ओठांवर आलं होतं. मंजुषा खुर्चीतून उठली, सासूच्या बाजूला जमिनीवर बसली आणि तिने आपला हात त्यांच्या हाताला लावून धरला.

अगरबत्ती पुरती जळून विझली. लाइट आली नाही. हेमराज तळहातावर स्क्रू घेऊन उभा होता. मंजुषा हात काढत नव्हती.