निजली काय रे म्हातारी?

केबल तपासायच्या मशीनला काशीराम आणि धोंडू 'म्हातारी' म्हणायचे. नाव धोंडूनेच ठेवलेलं. दिसायला थकलेली, पण पोटात हजारो व्होल्ट. आणि स्विच बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसलेली. म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. झाकण उघडलं की काशीरामने विचारायचं, "निजली काय रे म्हातारी?" मग धोंडूने अर्थिंगची दांडी आत टेकवून उरलीसुरली वीज जमिनीत सोडायची आणि म्हणायचं, "निजली. घाल हात." हे ऐकल्याशिवाय काशीरामने कधी बोटसुद्धा आत घातलं नाही.

किनाऱ्यावरच्या नाटे गावापासून केळशीपर्यंत दोघांनी म्हातारीला टेम्पोतून मिरवलं. दुपारी केबलच्या ड्रमवर डबे उघडायचे. धोंडू मिरकरवाड्याचा, त्याच्या डब्यात बांगडा ठरलेला; तरी काशीरामच्या डब्यातली सुकटीची चटणी 'बघू कशी झालीय' म्हणत तोच फस्त करायचा. काय दिवस होते ते! गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर धोंडू झोपेतच गेला. काशीरामने खांदा दिला आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला. डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोक म्हणाले, माणूस आहे की दगड? लोकांचं काय, रडं दिसल्याशिवाय त्यांना दुःख पटत नाही.

यंदा मे महिन्यात म्हातारी बिघडली. बंद केल्यावर आतली वीज आपोआप ओसरवणारा रेझिस्टर जळला असणार, असा काशीरामचा अंदाज. म्हणजे वीज आत कोंडलेलीच. सकाळी त्यानेच हे शमिकाला बजावलं होतं. शमिका धोंडूच्या जागी आलेली. कामाला चोख, बोलायला कमी. तिने प्लग काढला आणि अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला बादली घेऊन बाहेर गेली. उन्हाळ्यात इथला जांभा खडक असा कोरडा पडतो की त्याला पाणी पाजल्याशिवाय तो वीज घेत नाही.

तेवढ्यात इकडे वर्कशॉपमध्ये काशीरामने झाकण उघडलं. जुन्या व्हार्निशचा वास नाकात शिरला आणि सवयीने तो बोलून गेला, "निजली काय रे म्हातारी?"

"निजली. घाल हात."

अगदी स्पष्ट ऐकू आलं त्याला. तोच हेल, तोच हसरा सूर. त्याला इतकं बरं वाटलं की मागे वळून बघायचंही सुचलं नाही. त्याने हात पुढे केला.

"काका, हात मागे! दांडी नाय लावली अजून!"

पाणी ओतून परतलेली शमिका दारातून ओरडली. काशीरामने चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला. तिने बादली टाकली, हातमोजे चढवले आणि दांडी आत टेकवली. फाडकन आवाज झाला आणि निळी ठिणगी उडाली.

"काका, तुम्हीच सकाळी सांगितलंत ना मला?" तिने दांडी तशीच धरून विचारलं. "मग कोणाच्या सांगण्यावरून हात घालत होतात?"

"धोंडूच्या," काशीराम म्हणाला. तो उंबऱ्यावर बसला. "तो बोलला, निजली. असल्या कामात तो कधी खोटं नाय बोलायचा गो."

शमिका त्याच्या शेजारी येऊन बसली. त्याने तिला विचारलं, "धोंडू गेला, नाय काय?"

"व्हय काका. गेले ते."

आणि मग काशीराम लहान पोरासारखा हमसून हमसून रडला.