तिसऱ्या मार्गावरचं पाणी

चढ संपवून दाक्षायणी वळणावर आली आणि तिला एकदम सायकलचे ब्रेक दाबावे लागले. झऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर लोखंडी फाटक उभं होतं. हिरवा रंग ताजा, कुलूप नवं. दोन्ही अंगांना तारेची जाळी झऱ्याला वेढा घालून मागच्या कड्यापर्यंत गेली होती. फाटकाच्या अलीकडे, मार्चच्या उन्हात, सत्तर-ऐंशी मेंढरं माना खाली घालून धापा टाकत होती.

धुळा फाटकाला पाठ टेकून बसला होता. तिला पाहून तो उठला नाही. त्याची बायको चंद्रव्वा उठली, पण जवळ आली नाही.

"हे कधी झालं?" दाक्षायणीनं विचारलं.

"तुमालाच ठावं की मॅडम," धुळा म्हणाला.

मॅडम. दोन वर्षं तो तिला अक्का म्हणत होता.

दाक्षायणी सोलापुरात एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला होती. वय त्रेचाळीस. सायकल चालवायला लागून सात वर्षं झाली होती. शहराभोवतीचे रस्ते सपाट, सरळ आणि ट्रकांनी भरलेले. त्यांना कंटाळून ती रविवारी गाडीच्या मागे सायकल बांधून बार्शीच्या पुढे बालाघाटच्या डोंगरात यायला लागली. चिंचखोरीचं हे निसर्ग उद्यान तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. धावडा, सालई, पळस, काळे कडे आणि वनखात्यानं कधीतरी केलेले अरुंद डांबरी रस्ते. एकटीनं फिरून तिनं त्यातून तीन मार्ग बसवले. पहिला नवशिक्यांचा, तळ्याला वळसा घालणारा. दुसरा घाटाचा. तिसरा माथ्यावरून जाणारा, आणि त्यातला एक चढ असा की भलेभले उतरून सायकल ढकलायचे.

त्याच तिसऱ्या मार्गावर एका एप्रिलमध्ये तिचं पाणी संपलं. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून ती पळसाखाली बसली, तेव्हा चंद्रव्वानं तिला पाहिलं. चंद्रव्वा अक्कलकोटकडची, दाक्षायणीचं माहेर दुधनी. अनोळखी रानात कुणीतरी माहेरच्या कानडीत "नीरु बेका?", पाणी हवं का, म्हणून विचारलं आणि दाक्षायणीला रडूच फुटलं. दोघं नवराबायको तिला धरून या झऱ्यावर घेऊन आले. कड्याच्या पोटातून मनगटाएवढी धार पडायची, खाली दगडी डोण होती. मेंढरं उद्यानाबाहेरच्या पडीक माळावर चरायची आणि दिवसातून एकदा जुन्या वाटेनं पाण्यापुरती आत यायची. त्यांना कुणी अडवत नव्हतं.

घरी जाऊन तिनं सायकलवाल्यांच्या अ‍ॅपवर, आपल्या मार्गांच्या नकाशात, त्या जागी निळा थेंब टाकला होता. पाणी आहे, उन्हाळ्यातही.

"मला खरंच माहीत नव्हतं," ती आता म्हणाली.

"मग ह्यो नकाशा कुनाचा?"

फाटकाशेजारी मोठा फलक होता. सायकल मार्ग क्रमांक तीन. विसावा व पिण्याचे पाणी. गुरे व मेंढ्यांना सक्त मनाई. खाली तिचाच नकाशा, तिचाच निळा थेंब, आणि कोपऱ्यात तिचं पूर्ण नाव.

"मी काय कुंपण घातलंय का?" ती ओरडली. ओरडल्यावर तिलाच कळलं की आपण चुकीच्या माणसावर ओरडलो.

धुळा उभा राहिला. "आमी तुमाला पानी दावलं. तुमी समद्या दुनियेला दावलंत. आन आता आमालाच बंद. जाऊन येऊन पाच कोस चालवतोय रोज, खालच्या गावच्या हौदाला. तितलं लोकबी शिव्या घालत्यात. दोन गाभण मेंढ्या वाटंत बसल्या त्या उठल्याच न्हाईत. आज म्हनलं, बघावं कुनी कुलूप काढतंय का. काढता का तुमी?"

तिच्या सायकलला पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. ती त्या काढायला वाकली आणि समोरच्या मेंढरांकडे पाहून तिला स्वतःची लाज वाटली. बाटल्या तशाच राहिल्या. धुळानं शीळ घातली, मेंढरांची खांड वळली आणि उतारावरून खाली निघाली.

शुक्रवारी ती रजा टाकून वनखात्याच्या कार्यालयात गेली. साहेब तिला ओळखत होते. त्यांनी चहा मागवला.

"मॅडम, तुमच्याच लोकांच्या सोयीसाठी केलंय की ते."

"माझे लोक कोण?"

साहेबांनी फाईल काढून एक पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिच्याच सायकल क्लबच्या कागदावरचं. 'पाणवठ्यावर मेंढ्यांमुळे अस्वच्छता होते व सायकलस्वारांच्या जिवास धोका संभवतो. तरी सदर जागा कुंपण घालून सुरक्षित करावी.' खाली क्लबचे अध्यक्ष अनिलकुमार यांची सही. आणि त्या सहीशेजारी दाक्षायणीची.

तिला ते सगळं आठवलं. नोव्हेंबरात राईड संपल्यावर अनिलकुमारनं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला होता. "फलक लावायला परवानगी मागतोय, तुमची सही पाहिजे. मार्ग तुमचे आहेत." तिनं हातमोजाही न काढता सही केली होती. वाचलं नव्हतं. आपलं नाव फलकावर येणार म्हणून मनातून सुखावली होती, हेही तिला आठवलं, आणि तिनं चहा बाजूला सरकवला.

"मी सही मागे घेते," ती म्हणाली. "लिहून देते. आत्ता."

"द्या की. पण काम झालंय मॅडम. आता काढायचं म्हणजे वर विचारावं लागेल."

"बांधताना त्या धनगराला विचारलं होतं?"

साहेबांनी फाईल मिटली. तिनं कागद मागून घेतला, उभ्याउभ्याच लिहिलं, पोच घेतली आणि तिथून थेट अनिलकुमारच्या चष्म्याच्या दुकानात गेली.

"तुम्ही मला फसवलंत," ती म्हणाली. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी तिनं आवाज कमी केला नाही.

"अहो, शांत व्हा. रविवारी दोनशे सायकली येतायत. पुण्याहून, लातूरहून. एवढा रविवार होऊ द्या, मग बघू."

"मेंढरं रविवारपर्यंत थांबतील का?"

"चार मेंढरांसाठी तुम्ही एवढा मोठा कार्यक्रम नासवणार?" त्यानं चष्मा पुसायला घेतला. "त्या डोणीत लेंड्या पडलेल्या असायच्या. तिथलं पाणी आपल्या माणसांनी प्यायचं?"

"मी प्यालेय. त्याच पाण्यानं मी जिवंत आहे."

"ते तुमचं वैयक्तिक झालं."

दाक्षायणीच्या हाताला काऊंटरवरचा आरसा लागला होता. तो उचलून फेकावा, असं तिला एक क्षण अगदी खरं वाटलं. तिनं तो नीट सरळ करून ठेवला आणि बाहेर पडली. फाटकाची किल्ली त्याच्याकडे आणि वनरक्षकाकडे होती. रविवारी सकाळी ते सायकलींसाठी उघडणार होते.

शनिवारी ती माळावर गेली. धुळा कुठंतरी लांब होता. चंद्रव्वाला ती कानडीत म्हणाली, "उद्या आठ वाजता मेंढरं घेऊन फाटकावर या. मी तिथं असेन."

चंद्रव्वानं लांबवरच्या धुळाकडे पाहिलं. "सांगते त्यांना," एवढंच म्हणाली.

रविवारी सगळ्यांच्या पुढे दाक्षायणीच होती, कारण रस्ता तिलाच पाठ होता. मागे दोनशे सायकलींची रांग. अवघड चढावर ती एकदाही उभी राहिली नाही. पाय रागानंच फिरत होते. आठला दहा मिनिटं कमी असताना ती फाटकाशी पोचली. फाटक सताड उघडं होतं, आत टेबलावर केळी आणि लिंबूपाणी मांडलेलं. तिनं सायकल फाटकात आडवी टाकली आणि तिच्यापुढे उभी राहिली.

पहिले दहा-बारा जण आले, थांबले. मग चाळीस. चढावर गर्दी साचली.

"काय झालं? अपघात का?"

"आधी मेंढरं पाणी पितील," ती म्हणाली. "मग आपण."

कुणाला वाटलं, गंमत आहे. मग कुठली मेंढरं, म्हणून विचारणा झाली, कारण मेंढरं कुठंच नव्हती. आठ वाजले. सव्वाआठ. एक जण घड्याळ दाखवत ओरडला, "आमची वेळ मोजली जातेय!" दुसरा सायकल ओलांडून आत जाऊ लागला, तर तिनं त्याच्या हँडलला हात घातला. अनिलकुमार मागून मोटारसायकलवर आला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बाजूला व्हा. लाज आणताय तुम्ही क्लबला."

"ते पत्र यांना वाचून दाखवा, मग होते."

"कसलं पत्र?" पुढच्या एका बाईनं विचारलं.

मग दाक्षायणीनंच सांगितलं. झरा कुणी दाखवला, सही कशी केली, न वाचता केली, दोन मेंढ्या वाटेत मेल्या. काही जणांनी माना खाली घातल्या. काही जण चिडून माघारी वळले. एक जण जाताजाता म्हणाला, "बाई डोक्यावर पडल्यात." तिला ते ऐकू आलं. तिनं फाटक सोडलं नाही.

साडेआठला खालच्या वळणावरून घंटा वाजली. धुळा पुढे होता, खांद्यावर काठी. एवढी माणसं बघून तो थबकला.

"या," ती म्हणाली. तिनं सायकल उचलून बाजूला घेतली.

पाण्याचा वास लागताच मेंढरांनी धाव घेतली. ती सायकलींच्या मधून, पायांमधून, टेबलाखालून घुसली. लिंबूपाण्याचा एक डबा कलंडला. मग डोणीभोवती नुसत्या माना आणि पाणी ओढल्याचा आवाज. वनरक्षक हातात कुलूप घेऊन तसाच उभा राहिला. दोनशेतले शंभर-सव्वाशे लोक थांबून होते. शेवटची मेंढी पिऊन बाहेर येईपर्यंत कुणी हललं नाही.

संध्याकाळी क्लबनं तिला काढून टाकलं. तिनं आपले तिन्ही मार्ग अ‍ॅपवरून पुसले, पण ते आधीच शेकडो लोकांनी उतरवून घेतले होते. तिनं पुन्हा अर्ज केला, दर आठवड्याला कार्यालयात जाऊन बसली, साहेबांनी चहा मागवणं बंद केलं तरी बसली. एप्रिलच्या अखेरीस वरून कागद आला आणि कड्याच्या बाजूची जाळी बारा फूट कापण्यात आली. मेंढरांना तिथून आत जायची वाट झाली. फाटक तसंच राहिलं.

मे महिन्यात ती एकटीच गेली. मेंढरं डोणीवर होती. धुळा सालईच्या सावलीत बसला होता.

ती सायकल धरून थोडी लांबच उभी राहिली. "अजून राग आहे?"

"हाय की," धुळा म्हणाला. "राग हाय. दोन मेंढ्या गेल्या त्या काय परत येत्यात व्हय?"

"नाही."

"पुन्यांदा कुटं पानी घावलं तर कुनाला सांगू नगा."

"नाही सांगणार."

ती वळायला लागली तसा तो म्हणाला, "हुबं कशाला? बसा की. राग हाय म्हून बसू नगा, आसं कुनी म्हनलं?"

चंद्रव्वानं घोंगडं थोडं सरकवलं. दाक्षायणी हेल्मेट काढून तिच्याशेजारी बसली.