बोटभर राहिलेली पारंबी

मी एक जुना वड आहे आणि उंचीने तुमच्या गुडघ्याएवढा आहे. हसून घ्या. मित्रांनो, हा शब्द मी रीत म्हणून वापरतो. तुमच्यात मला अजून मित्र भेटलेला नाही.

जपानमधल्या एका काचघरात मी रुजलो. कोवळेपणीच माझे सोटमूळ छाटले, फांद्यांना तारा आवळल्या आणि ताटासारख्या उथळ कुंडीत मला बसवले. आता जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका बोन्साय संग्रहालयात, मी टेबलावर उभा असतो. लोक येतात आणि "किती गोड!" म्हणतात. छाटून छाटून खुजे ठेवलेल्याला गोड म्हणणारी जीभ मला आवडत नाही. वाहवा मात्र होते ती कात्री चालवणाऱ्या फोग्ट माळ्याची.

तरी एक गोष्ट मी त्याच्या नजरेआड वाढवली होती. खोडामागे, भिंतीच्या बाजूला, एक पारंबी. माती तिच्यापासून बोटभरच दूर राहिली होती. ती टेकली असती, तर माझ्या मर्जीचा तो पहिला पाय झाला असता.

वटपौर्णिमेला कुंदाबाई आल्या. नवरा इथल्याच इस्पितळात, उद्या त्याचे ऑपरेशन. पूजेला वड हवाच म्हणून हटून बसल्या, तेव्हा सून मैथिली त्यांना माझ्याकडे घेऊन आली. सोबत नात अन्वी. कुंदाबाईंनी पिशवीतून सुताची गुंडी काढली.

"आई, अहो, लांबून नमस्कार ठरला होता ना? हात लावायचा नाही इथे!"

"हात कुठे लावतेय? दोरा लावतेय. एवढ्या मोठ्या गावात तुला वड मिळाला तो हा, वांग्याच्या रोपाएवढा!"

"आजी, नाइन! नको ना!" अन्वी कुजबुजली.

टेबल भिंतीला टेकलेले, फेऱ्या घालता येईनात. मग त्यांनी गुंडीच माझ्याभोवती सात वेळा फिरवली. पारंबी खोडाला करकचून बांधली गेली.

"हाल्ट!" फोग्ट धावत आला. दोरा काढायला त्याने कुंडी वळवली आणि पारंबी त्याला दिसली. "आल्झो," म्हणजे 'अस्सं तर', एवढेच तो म्हणाला. कात्री चालली. दोरा पडला, पारंबीही पडली.

"दोरा तुटला गं, मैथिली," कुंदाबाई रडू लागल्या.

"दोराच तुटलाय, आई. बाबांना काही होत नाही."

पारंबीकडे कुणी पाहिले नाही. फोग्टने ती दोऱ्यासकट केरात टाकली.

मित्रांनो, माया करायची असेल तर आधी झाडाला जमीन द्या. ते जमत नसेल तर हात मागे बांधून पुढे चला. आणि माझ्याकडे सात जन्म मागू नका. मला या कुंडीतला एकच संपता संपत नाही.