तोंडातला गूळ

वामनरावांचं डोकं त्या हिवाळ्यात जे फिरलं, ते फिरलंच. माणूस तसा सरळ. घरी कापूस-तूर, विमलताईंसारखी तोंडाळ पण मायाळू बायको, आणि जीव मात्र सारा हुतूतूच्या मैदानात अडकलेला. फुलसावंगीत बाजाराच्या मागं जी मोकळी जागा होती, ती त्यांनीच पोट्टे लावून साफ केली, दगडगोटे वेचले, रेघा आखल्या आणि मंडळ उभं केलं. मंडळाचे अध्यक्ष तेच, शिकवणारे तेच आणि सामना हरला की घरी येऊन उपाशी झोपणारेही तेच. मंडळात निम्मे पोट्टे गावातल्या कुणब्यांचे, निम्मे जवळच्या तांड्यातल्या बंजाऱ्यांचे. या निम्म्या-निम्म्याचा त्यांना भारी अभिमान. आता अभिमान असणं वेगळं आणि समजणं वेगळं, पण हे त्यांना सांगणार कोण?

तांड्यातला लखीराम म्हणजे मंडळाचा हुकमी गडी. दम असा, की तो पलीकडच्या अंगणात शिरला की इकडे माणसानं निवांत बिडी पेटवून घ्यावी. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर. मैदानात तो राग कामी यायचा, मैदानाबाहेर त्याचं काय करायचं हे कोणी त्याला शिकवलं नव्हतं. मागच्या वर्षी त्यानं कांताबाईच्या हॉटेलातलं बाकडं उलथवून कपबशा फोडल्या होत्या. कांताबाई ही विधवा बाई, मैदानाला लागूनच तिचं चहाचं हॉटेल. तेव्हा सामने तोंडावर होते. वामनराव तिच्याकडे गेले आणि म्हणाले की बाई, पोरगं हाय, गप राय. ती गप राहिली. मंडळानं उमरखेडात ढाल जिंकली आणि सगळे विसरले.

या वर्षी मात्र गप राहण्यासारखं घडलं नाही. सराव सुटल्यावर लखीराम आणि त्याचे दोस्त हॉटेलात पाय पसरून बसले होते. कांताबाई म्हणाली, गिऱ्हाइकाले वाट द्या. पोट्टे हसले. तिनं लखीरामच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, तो उठला आणि त्यानं रागात चुलीजवळच्या फळीला लाथ हाणली. फळीवर उकळत्या दुधाचं पातेलं होतं. ते सगळं कांताबाईच्या उजव्या हातावर आलं.

वामनराव तेव्हा गावात नव्हते. कापसाची गाडी घेऊन यवतमाळला गेले होते आणि तिथून लोहाऱ्याला मेहुण्याच्या घरी लग्नाला अडकले. परत आले तेव्हा विमलताईंनी पाण्याचा तांब्या हातात देता देताच सारं सांगितलं. हात कसा भाजला, वैद्यानं काय लावलं, तांड्याच्या नायकानं नसाब कसा बसवला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. लखीराम आता रोज कांताबाईच्या घरी पाणी भरतो, लाकडं फोडतो, हेही सांगितलं. पुढंही काही सांगत होत्या, पण वामनरावांचं अर्धं लक्ष आर्णीच्या सामन्यांकडे. ते म्हणाले, "तांड्याचं तांड्यात झालं. मंडळाचं काय?" आणि उठून बापूजींकडे गेले. बाईचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं असतं तर पुढची भानगड झालीच नसती, पण तसं केलं तर तो पुरुष कसला!

बापूजी म्हणजे मंडळाचे चिटणीस, गावचे शिंपी, नियमांचे पक्के. हुतूतूत दोन रीती असतात, हे खेळणाऱ्याला माहीतच आहे. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होतो, आपल्या बाजूनं समोरचा मारला की बाहेरचा आत येतो. गामिनीत मेला तो मेला, डाव संपेपर्यंत बाहेरच बसायचा. बापूजींनी कात्री खाली ठेवून सांगितलं की लखीरामले गामिनी लावा. कप्तान भीमराज तिथंच होता. तो म्हणाला, आर्णीले जाचं हाय तं संजीवनी लावा. दोघं तावातावानं भांडले. वामनरावांना दोघांचंही पटलं, आणि दोघांचंही पटणं ही काही सुखाची गोष्ट नसते. बाईचा हात भाजला तो भाजला, त्याला संजीवनी कुठली? आणि पोराला जन्माचा बाहेर बसवला तर त्याचा राग जाईल का वाढेल?

रात्रभर कूस बदलून त्यांनी मधला मार्ग काढला. रविवारी सगळ्या मंडळासमोर लखीरामनं कांताबाईची माफी मागायची. मागितली की आत. न्यायही झाला, सुधारणाही झाली आणि आर्णीही झाली. स्वतःच्या शहाणपणावर ते इतके खूश झाले, की सकाळी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या.

रविवारी मैदानाभोवती अर्धं गाव जमलं. कांताबाईला बोलावणं धाडलं होतं, ती पदराखाली फडक्यानं बांधलेला हात घेऊन आली आणि रेघेजवळ उभी राहिली. वामनरावांनी खेळाडूच्या शिस्तीवर बरंच भाषण ठोकलं. मग तिला म्हणाले, बाई, हात दाखवा लोकायले. तिनं दाखवला. लोक हळहळले. मग ते लखीरामकडे वळले आणि म्हणाले की हे तू केलं, आता माफी माग आणि आत ये.

लखीराम मातीकडे पाहत उभा राहिला. वामनरावांनी समजावलं, दरडावलं, शेवटी अक्षरशः विनवलं. पोरगा हूं की चूं करीना. कांताबाईही कुठंतरी बाजाराकडे पाहत होती. लोकांत कुजबूज सुरू झाली, कोणी म्हणालं मस्ती पाहा. वामनरावांना वाटलं, आपण ह्याच्यासाठी जीव पाखडतो आणि हा दोन शब्द टाकत नाही. त्यांचं डोकं सणकलं. ते म्हणाले, "निंघ मंडळातून. पुन्हा या रेघेत पाय टाकू नको."

लखीराम गेला. आणि त्याच्या मागं तांड्यातले सगळे पोट्टे कपडे उचलून चालते झाले. निम्मं मैदान रिकामं पडलं.

दुसऱ्या दिवशी तांड्यातून निरोप आला, की वामनरावांनी नसाबात यावं. कशाला? तर त्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणं आहे. वामनरावांना आधी वाटलं निरोप्या चुकला. मग वाटलं आपण चुकलो. मग एकदम संताप आला. हात भाजला लखीरामनं आणि आरोपी मी? चोर सोडून संन्याशाला फाशी! घरात येरझाऱ्या घालत ते हेच बोलत होते. विमलताई तूर पाखडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "तुमी संन्यासी हा का नाई, ते तं पाहून या."

खरं तर गेलं नसतं तरी चाललं असतं. पण तांड्याचा नायक खेमसिंग हा त्यांच्या वडिलांचा दोस्त, लहानपणी ह्यांना खांद्यावर बसवून जत्रेत फिरवलेला. शिवाय पोट्टे परत हवे होते. गेले.

तांड्यातल्या निंबाखाली माणसं गोल करून बसली होती. वामनरावांना वाटलं होतं पाहुण्यासारखी बाज टाकतील. पण त्यांना मधे, खाली, सतरंजीवर बसवलं. समोर खेमसिंग. एका बाजूला लखीराम, आणि दुसऱ्या बाजूला, देवा रे, कांताबाई! ही इकडं काय करते, हेच त्यांना कळेना. त्यांनी गाववाल्यासारखं तिच्याकडे पाहिलं, तिनं पाहिलं नाही.

खेमसिंगनं शांतपणे सांगितलं. लखीरामचा नसाब याच जागी बसला होता. कांताबाईला बोलावलं होतं, ती आली होती. तिला विचारलं, तुले काय पाहिजे. तिनं सांगितलं, माहा हात घागर धरंपर्यंत यानं पाणी आनाव अन् लाकडं फोडाव. त्यानं कबूल केलं, सगळ्यांसमोर तिच्या पाया पडला. मग रीतीप्रमाणं नायकानं गूळ दिला. त्यानं तिच्या हातावर ठेवला, तिनं त्याच्या हातावर ठेवला, दोघांनी खाल्ला. गूळ खाल्ला की गोष्ट संपली. शिक्षा चालू राहील, पण गोष्ट संपली. मग ती कोणी तोंडावर आणायची नाही. करणाऱ्यानं नाही, सोसणाऱ्यानं नाही. आणली तर तो नवा गुन्हा.

"तुमी ते चारचौघांत काढली, वामनराव," खेमसिंग म्हणाला. "पोरानं तोंड उघडलं असतं तं त्याचा गूळ मोडला असता. नाई उघडलं तं तुमी त्याले काढलं."

वामनराव सतरंजीवरच जरा मागं सरकले. म्हणजे परवा मैदानात तो पोरगा मस्तीनं गप नव्हता? आणि विमलताई तांब्या देताना जे पुढं सांगत होत्या ते हेच होतं की काय? पण त्यांच्या मनाला हे सरळ गिळवेना. बोलायचंच नाही म्हणजे झाकूनच टाकायचं ना? ते तसं बोललेही. म्हणाले, काका, मागच्या वर्षी बाकडं उलथलं तवा मी बी गप राय म्हणूनच सांगितलं होतं, अन् तुमी बी गप राहाच म्हंता. मंग माहं चुकलं अन् तुमचं बरोबर, हा फरक कोनता?

यावर बोलली ती कांताबाई, पहिल्यांदाच त्यांच्याकडे तोंड करून.

"तुमी मले इचारलं नव्हतं, भाऊ," ती म्हणाली. "तवा बी नाई, अन् परवा बी नाई. तवा तुमाले ढाल पाह्यजे होती म्हणून मी गप. परवा तुमाले माफी पाह्यजे होती म्हणून मी हात दाखवत उभी. हात भाजला तवा दुखला, पण लोकायनं पाह्यला तवा लाज वाटली. माह्या हाताचं तुमी सोंग केलं."

आपण तिच्या बाजूनं उभे आहोत, अशी वामनरावांची आठवडाभर पक्की समजूत होती.

नायकानं तिला विचारलं, तुले काय पाहिजे. ती म्हणाली, सकाळचं पाणी यांनी आनाव, संध्याकाळचं लखीराम आनते. अन् कावड नाई, डोक्यावर आनाव, बाईसारखं. हात घागर धरंपर्यंत.

वामनराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष! डोक्यावर घागर घेऊन भर गावातून! पण ते कबूल झाले. का झाले ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, की काका, अन् त्यानं पुन्हा लाथ मारली तं? खेमसिंग म्हणाला, "तं नवी गोष्ट, नवा नसाब. जुनी काढाची नाई." वामनरावांना हे अर्धं पटलं. उरलेलं अर्धं आजही पटलं नसेल. गुळाचा खडा त्यांनी कांताबाईच्या हातावर ठेवला, तिचा घेतला आणि तोंडात टाकला.

मग सुरू झालं पाणी. चुंबळ करून घागर डोक्यावर, मान ताठ, तोंड लाल, धोतर अर्धं भिजलेलं. पोट्टे ओट्यावर बसून पाहायचे. विहिरीवर बाया तोंडाला पदर लावायच्या. विमलताईंनी मात्र पहिल्याच दिवशी चुंबळीचं फडकं जाडं करून दिलं आणि थट्टा केली नाही, म्हणून त्यांना जास्तच रडू आल्यासारखं झालं. एकदा सकाळचं पाणी राहून संध्याकाळ झाली आणि विहिरीवर लखीरामशी गाठ पडली. दोघं घागरी भरून मागेपुढे चालले. वामनरावांना विचारायचं होतं, अरे, मैदानात सांगितलं काहून नाई? पण विचारायची सोय नव्हती आणि त्याला सांगायची नव्हती. घागरीतलं पाणी तेवढं हिंदकळत होतं. कांताबाईच्या दारात लखीरामनं आधी त्यांची घागर उतरवली, मग आपली.

आर्णी जवळ आली. तांड्यातले पोट्टे मैदानावर परत आले, पण लखीराम रेघेबाहेर उभा राहिला. त्याला आत घ्यायचं तर कोणाला तरी बोलावं लागणार होतं. वामनरावांची नजर नकळत हॉटेलाकडे गेली. कांताबाई डाव्या हातानं चहा गाळत होती. तिनं त्यांना पाहिलं आणि म्हणाली, "माह्याकडे कायले पाहता भाऊ? मी काय पंच हाय?"

तेवढ्यात बापूजी पुढं आले. ते इतके दिवस पोटात धरून बसले होते. सगळ्यांसमोर त्यांनी विचारलं, की तांड्यात नक्की काय झालं? अध्यक्षानं पाणी भरावं असा काय गुन्हा केला? तिथं माफी मागितली का? लखीरामनं मागितली का? मंडळाला कळलं पाहिजे, मंडळ काही तुमच्या एकट्याचं नाही.

बोलणं तर खरंच होतं. कांताबाई काय बोलली, ते सोंग, ते बाकडं, ती ढाल, सगळं सांगून मोकळं व्हावंसं वामनरावांना वाटलं. सांगितलं तर लोकांना कळलं असतं, आपण किती शरमलो ते. पण मग पुन्हा तिच्या हाताची गोष्ट चारचौघांत आली असती, आणि ती तिथंच उभी होती. त्यांनी मान खाली घातली आणि मातीकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की लखीरामही त्या रविवारी याच जागी असाच पाहत उभा होता.

मागून कोणीतरी म्हणालं, "अध्यक्षाले मस्ती आली वाट्टे."

वामनरावांनी वर पाहिलं. रेघेबाहेर लखीराम होता. हा पुन्हा चुकणार नाही याची खात्री त्यांना नव्हती. स्वतःचीही नव्हती.

"लखीराम," ते म्हणाले, "पयली चढाई तुही."

पोरानं वाकून माती कपाळाला लावली आणि तो आत आला. बापूजी हात आपटत म्हणाले, कोनत्या नियमानं आत घेतला, संजीवनी का गामिनी, ते तरी सांगा. वामनरावांनी हातानंच डाव सुरू करायची खूण केली. त्यांच्या तोंडात अजून गूळ होता.